हिरवाई सोसायटीतला अल्सेशियन

कराडला परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "काय बाई, मुंबई बघितली का?" मी नाही म्हणते. लोकांचा विश्वास बसत नाही. उन्हाळ्यात गेलेली बाई पुढचा उन्हाळा लागायला परत येते आणि म्हणते, मुंबई बघितली नाही! पण मी राहिले ती नवी मुंबई, खाडीच्या अलीकडची. मुंबई बघायची तर पूल ओलांडून पलीकडे जावं लागतं, आणि पलीकडे जायला मला फुरसतच झाली नाही. चौपाटी राहिली, राणीची बाग राहिली. कोल्हा मात्र बघितला. तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर बसून केबलवरचा क्रिकेटचा सामना बघणारा.

यावर आमचे कराडकर हसतात. कोल्हे बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या उसात काय कमी आहेत? खरं आहे. पण आपल्या उसातल्या कोल्ह्यांच्या गळ्यात लाल पट्टा नसतो, आणि त्यांच्याशी कुणी इंग्रजी बोलत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

वैशाख

माझी धाकटी बहीण सुधा बाथरूममध्ये घसरून पडली आणि तिचा घोटा मोडला. तिची मुलगी अश्विनी लग्न होऊन नाशिकला गेलेली. नवरा वसंतराव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत हिशेबनीस. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, मागे कुणाची ओढ नाही. तेव्हा पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीचं पीठ आणि दोन लुगडी भरून मी निघाले.

हायवेला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "नाव नको मावशी, सेक्टर बोला." या गावाचं असंच आहे. सगळं नंबरानं चालतं. नाव आहे ते फक्त शेजारच्या बोनकोडे गावाला, कारण ते गाव नंबर यायच्या आधीपासून तिथं आहे.

हिरवाई सोसायटीत चार बिल्डिंगा. पारिजात, बकुळ, कदंब आणि औदुंबर. आवारात झाड एकही नाही. फाटकाशी मात्र ठळक अक्षरांत पाटी: 'झाडांना हात लावू नये.' मी वसंतरावांना विचारलं, कुठली झाडं? ते सोसायटीचे सेक्रेटरी. पाट्या सगळ्या त्यांच्याच हातच्या.

"अजून लावायची आहेत," ते म्हणाले. "पण नियम आधी केलेला बरा."

त्याच भिंतीवर दुसरी पाटी होती: 'आवारात भटकी अथवा गावठी कुत्री आणू किंवा पाळू नयेत, त्यांना खाऊ घालू नये. जातिवंत कुत्र्यास हरकत नाही.'

घरात पाऊल टाकलं तर वसंतराव मागे वळून मोठ्यांदा म्हणाले, "प्रिन्स! सिट!"

सोफ्याखालून एक पिल्लू निघालं. मातकट रंग, टोकदार तोंड, शेपटीचं टोक काळं. ते काही बसलं नाही. भिंतीच्या कडेकडेनं चोरपावलांनी आलं, माझ्या पिशवीतली एक शेंग उचलली आणि परत सोफ्याखाली गेलं.

"अल्सेशियन आहे," वसंतराव म्हणाले. "ओळखीच्या एका साहेबांकडचा. जातिवंत कुत्र्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं, अक्का. मराठी कळत नाही त्यांना."

तेवढ्यात आतून सुधानं हाक मारली, "ये रे बाळा, ये." पिल्लू धावत आत गेलं.

आमच्या वडिलांचा ऊस होता. तोडणीच्या दिवसांत शेवटच्या सऱ्या राहिल्या की त्यातून कोल्हे निघायचे. लहानपणापासून मी ते तोंड, ती शेपूट आणि ती अर्धी चोराची, अर्धी पाहुण्याची चाल बघत आले आहे. त्याच संध्याकाळी सुधाच्या पायाखाली उशी सारताना मी म्हटलं, "सुधे, हा कोल्हा आहे."

"अक्का, तुला मेलं जिथं तिथं ऊसच दिसतो."

"त्याची चाल बघ."

"पिल्लाला कसली आलीय चाल! आणि हे बघ, यांच्यासमोर असलं काही बोलू नकोस." तिनं आवाज खाली आणला. "अश्विनी गेल्यापासून हा माणूस घरी आला की टीव्ही लावायचा आणि बातम्या संपल्या की झोपायचा. चार शब्द बोलायचा नाही. आता आला की आधी सोफ्याखाली वाकून बघतो."

मी पाहुणी. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन कारखानीस मला भेटायला म्हणून आले. गिरगावातून इकडे राहायला आलेले. कशावरही मत देतात आणि एकदा दिलं की परत घेत नाहीत. त्यांनी पिल्लाचा कान दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला आणि म्हणाले, "जर्मन लाइन. शंभर टक्के. टेन्शनच घेऊ नका."

पावसाचे दिवस

सुधाचं प्लास्टर निघालं. माझं परत जायचं ठरत होतं. पण तिला जिने चढउतार करायची मनाई होती, वसंतराव सकाळी लवकर कंपनीत, आणि प्रिन्सला दोन वेळा फिरवायचं कोण? मी पट्टा हातात घेतला आणि तिथेच अडकले.

माझा सगळा प्रवास म्हणाल तर एवढाच. सोसायटीचं मागचं फाटक, तिथून मोकळे प्लॉट, मग पावसाचं पाणी साठवायला मुद्दाम खोदलेला मोठा तलाव, त्यापुढं मातीचा बांध आणि बांधापलीकडं तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी, नि खाडी. हौशी माणसं काश्मीरला जातात, मी रोज दोनदा बांधापर्यंत गेले. माझा वाटाड्या प्रिन्स. तो एक पाय उचलून थबकला की मीही थबकायची आणि त्याच्या नाकाच्या रेघेत बघायची. तिथं हमखास काहीतरी असे. पाणकणसांतून काळीकुट्ट पिल्लं मागं घेऊन चाललेली पाणकोंबडी. विटांच्या ढिगावर उभं राहून आम्हाला न्याहाळणारं मुंगूस. नवीन गटाराच्या पाइपात बसलेला खेकडा, एक नांगी बाहेर काढून, दुकानात बसल्यासारखा. भारद्वाज दिसला की मी हात जोडायची आणि प्रिन्स जीभ चाटायचा.

सोसायटीतल्या लोकांना यातलं काही दिसत नसे. ते पुढच्या फाटकानं जात आणि पुढच्याच फाटकानं येत. मागची बाजू त्यांच्या लेखी 'डेव्हलप व्हायची' होती. पण पावसात मागची बाजू आपण होऊन पुढं आली. जिन्यात बेडूक आले. तळमजल्याच्या न्हाणीघरात खेकडा निघाला. आणि एक दिवस पार्किंगमध्ये स्कूटरखाली चांगली हातभर लांब दिवड निघाली.

दिवड म्हणजे पाण्यातला बिनविषारी साप. आमच्याकडं विहिरीत असतात, पोरं शेपटीला धरून काढतात. इथं सगळी सोसायटी जिन्यात उभी. "नाग आहे," कारखानीस चौथ्या पायरीवरून म्हणाले. "फण्यावर दहाचा आकडा मी डोळ्यांनी पाहिला." प्रिन्स पट्टा ओढत पुढं गेला, त्यानं सापाचा वास घेतला आणि काही विशेष नाही अशा चेहऱ्यानं खाली बसला. दिवड गटारात गेली.

"पाहिलंत?" कारखानीस म्हणाले. "नागाला पळवलं! आणि आवाज केला का? नाही. खरा जातिवंत कुत्रा भुंकत नाही."

त्या दिवसापासून प्रिन्सचा सोसायटीत मान वाढला. येता-जाता लोक त्याला बिस्किटं देऊ लागले. कारखानीस पेरू देत. प्रिन्स पेरू आवडीनं खाई. "जर्मनीत सफरचंदं खातात, तेच हे," असा त्यांचा खुलासा. वसंतरावांनी नवी पाटी लावली: 'आवारात साप आढळल्यास सेक्रेटरीस त्वरित कळवावे.' दुसऱ्या दिवसापासून लोक गांडुळं कळवायला लागले.

बोनकोड्याची हिराबाई मासळीची पाटी घेऊन आमच्या दारात यायची. आम्ही घाटावरची माणसं, आमचं सगळं प्रेम मटणावर. चिंबोऱ्या कशा मोडायच्या आणि जवळ्याच्या वड्या कशा थापायच्या, ते मला तिनं शिकवलं. तिनं पहिल्यांदा प्रिन्सला बघितलं तेव्हा पाटी खाली ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"काय गो बाय, यो कवा आनला?"

"अल्सेशियन आहे तो," सुधा म्हणाली.

हिराबाईनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

"आल्सेशन तं आल्सेशन," हिराबाई बोंबील मोजत म्हणाली. "आमचे खारीन लय हान आल्सेशन. रातचे वरडतान."

"बघ!" सुधा मला म्हणाली. "त्यांच्या खाडीवरसुद्धा आहेत."

इंजेक्शन द्यायला मी त्याला शेजारच्या सेक्टरात डॉक्टर मुकादमांकडं नेलं. जनावरांचे डॉक्टर, तरुण, मूळचे मुरूडकडचे. त्यांनी प्रिन्सला टेबलावर घेतलं, त्याचे दात बघितले, शेपूट बघितली, मग बराच वेळ माझं तोंड बघितलं.

"मावशी, तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला आहे. घरात नाही."

"घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. पण तो प्रश्न हिवाळ्यात आपोआप सुटेल." त्यांनी सुई टोचली. प्रिन्स हूं की चूं नाही. "थंडीत यांचे जोड्या जमवायचे दिवस. तेव्हा हा तुमच्या सोफ्यावर राहायचा नाही. जबरदस्ती केलीत तर चावेल."

मी घरी येऊन सुधाला एवढंच सांगितलं की डॉक्टर चांगले आहेत.

मार्गशीर्ष, खाडीचा बांध

थंडी म्हणजे आपल्यासारखी नव्हे. सकाळी शाल घेऊन निघावं आणि बांधापर्यंत ती खांद्यावर ओझं व्हावी, एवढीच. पण तळ्यावर बदकं आली होती, कुठल्या कुठल्या देशांतली. ओहोटीला खाडीच्या चिखलात लांबवर एक गुलाबी पट्टा दिसे. मला वाटलं कुणी धुणं वाळत घातलंय. मग पट्टा चालायला लागला. ते रोहित पक्षी होते. मुलांना पुस्तकातलं चित्र दाखवत मी आयुष्यभर शिकवले, बघितले तिथं. सोसायटीत हे सांगितलं तर कारखानीस म्हणाले, "केमिकलमुळे. पांढरे बगळेच ते, या पाण्यानं गुलाबी होतात."

प्रिन्स आता भरला होता. मानेवर दाट केस, शेपूट झुपकेदार. शाम्पूनं धुतला तरी अंगाला उग्र वास येई. संध्याकाळी तिवरांकडून कोल्ह्यांची कुई सुरू झाली की सोसायटीत खिडक्या लागत. "कुत्री रडतायत, अशुभ आहे," असं बायका म्हणत. प्रिन्स बाल्कनीच्या गजांत नाक घालून ऐकत राही. तोंडातून चकार शब्द नाही. मला मात्र त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिलेले दिसत.

एका रविवारी वसंतराव माझ्याबरोबर बांधावर आले. नुकतं उजाडलं होतं. तिवरांतून एक कोल्हा बाहेर आला आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिला. त्यानं प्रिन्सकडे बघितलं, प्रिन्सनं त्याच्याकडे. दोघांचा रंग एक, कान एक, उभं राहण्याची ढबसुद्धा एक.

"अक्का, बघा, बघा!" वसंतराव कुजबुजले. "अगदी आपल्या प्रिन्ससारखा! हाही अल्सेशियनच दिसतोय. कुणाचा सुटला असेल हो?"

कोल्हा वळून तिवरांत गेला. पट्टा माझ्या हातात ताठ झाला होता. आता गप्प बसणं मला जमेना.

"वसंतराव," मी म्हटलं, "प्रिन्स अल्सेशियन नाही."

ते बांधावरच्या दगडावर बसले. चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"माहीत आहे मला, अक्का."

मी थक्क झाले. "माहीत आहे?"

"साहेबबिहेब कुणी नाही. पलीकडं भराव घालतात ना, तिथून मी स्कूटरनं येत होतो. मशीननं बांध उकरला होता, त्या मातीत तीन पिल्लं होती. दोन मेली होती. याला मी डब्याच्या पिशवीत घातलं. घरी आणलं तर सुधा पलंगावरून म्हणाली, किती गोड आहे हो, ठेवू या ना. आणि खाली ती पाटी! मीच लिहिलेली. मग सुचलं ते बोललो. सुधालाही तेच सांगितलं." त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. "गावठी आहे तो, अक्का. साधा गावठी कुत्रा. कृपा करून कुणाला सांगू नका."

हसावं की रडावं ते मला कळेना. "गावठीही नाही हो," मी म्हटलं. "कुत्राच नाही तो."

मी जे सांगायचं ते सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. वसंतराव प्रिन्सकडे बघत राहिले. प्रिन्स तिवरांकडे.

"म्हणजे मी इतके दिवस कोल्ह्याला 'सिट' म्हणत होतो?" ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, हळू आवाजात, "तरीच बसत नव्हता."

घरी जाऊन त्यांनी सुधाला खरं सांगितलं. ती त्या दोन मेलेल्या पिल्लांसाठी रडली. बाकी तिनं काही मनावर घेतलं नाही. "कोल्हा तर कोल्हा," ती म्हणाली. "जाणार कुठं तो? त्याला माझ्याशिवाय कोण आहे?" वसंतरावांना तिच्यापुढं बोलवेना आणि मी तर पाहुणी. दिवस तसेच पुढं गेले.

सव्वीस जानेवारी

सोसायटीचा वार्षिक सत्यनारायण सव्वीस जानेवारीला असतो. सकाळी झेंडा, दुपारी पूजा, संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम. आमच्याकडं सत्यनारायणाला शेजारी न बोलावता येतात आणि केळीचे खांब बांधू लागतात. इथं आधी वर्गणी किती यावर बैठक झाली, मग प्रसादाचा द्रोण किती मोठा यावर. शिरा मात्र उत्तम होता.

कारखानिसांच्या मनात एक कल्पना आली. सोसायटीचं सापांपासून रक्षण केल्याबद्दल प्रिन्सचा सत्कार करायचा. वसंतरावांनी नाही नाही म्हटलं. तो लाजरा आहे, त्याची तब्येत बरी नाही, त्याला गर्दी सोसत नाही. कारखानीस म्हणाले, "टेन्शन घेऊ नका," आणि नारळ आणवला.

दिवस मावळता प्रिन्सला स्टेजवर आणलं. गळ्यात झेंडूचा हार, आणि प्रिन्स तोच हार खात होता. शेजारच्या सेक्टरातले चेअरमन पाहुणे म्हणून आलेले. आमचे कारखानीस माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपण पाहताच आहात. जातिवंत रक्त काय असतं..."

आणि तिवरांकडून कुई आली. आधी एक, बारीक, लांबलेली. मग दुसरी. मग सगळ्या एकदम.

प्रिन्सनं हार सोडला. मान वर केली, डोळे मिटले आणि माइकच्या अगदी जवळ, चार बिल्डिंगांना ऐकू जाईल अशी कुई दिली. असली कुई मी कराडच्या उसातही ऐकली नव्हती. आठ-नऊ महिने ज्यानं तोंड उघडलं नव्हतं, त्यानं सगळं साठवून ठेवलं होतं. स्पीकर किंचाळला. पाहुण्यांच्या हातातला द्रोण सांडला. कुणीतरी ओरडलं, "अरे, कोल्हा आहे! कोल्हा!"

पुढं काय झालं ते सांगायला मला संकोच वाटतो. ज्या बायका त्याला बिस्किटं भरवत होत्या त्या मुलांना उचलून पळाल्या. जे बाप्ये त्याच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेत होते ते खुर्च्या पुढं धरून उभे राहिले. कोल्हा सकाळी होता तोच होता. त्याला काही शिंगं फुटली नव्हती. पण एका शब्दानं तो श्वापद झाला. वसंतरावांनी त्याला कवेत घेतलं आणि जिना चढून वर नेलं. त्यांची चाल सावकाश होती.

तातडीची सभा भरली. नियमात कोल्ह्याबद्दल काही लिहिलेलं नाही, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, कोल्हा हा संकर नसल्यामुळं तो जातिवंतच धरावा लागेल. यावर बराच खल झाला. कारखानीस म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून संशय होता. त्याचे कान मी उजेडात पाहिलेत." शेवटी त्याचा 'बंदोबस्त' करावा असं ठरलं. बंदोबस्त म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मागच्या फाटकाशी पावाचे तुकडे पडलेले दिसले. आम्ही पोचायच्या आधी कावळे पोचले होते. दोन कावळे तिथेच मरून पडले. मी पट्टा आखडता घेतला आणि प्रिन्सला उचलून घरी आणलं. सुधाला सांगितलं. ती उठली, प्रिन्सच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि वसंतरावांना म्हणाली, "चला."

तिचा घोटा अजून दुखत होता. बांधापर्यंत ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली. प्रिन्स तिवरांत शिरला. आम्ही परत आलो तर तो आमच्या आधी दाराशी हजर. वॉचमन म्हणाला, "साब, प्रिन्स अकेला आया, तो मैंने गेट खोल दिया." सोसायटीत त्याला घाबरत नसलेला तेवढा एकच होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग डॉक्टर मुकादमांनी सांगितलं, सकाळी नेऊ नका, दिवेलागणीला न्या, ते हाका मारतात तेव्हा. आणि त्याला घरी खायला घालू नका. सुधानं त्या दिवशी स्वतःही काही खाल्लं नाही.

दिवेलागणीला आम्ही तिघं आणि तो, असे बांधावर उभे राहिलो. भरती होती. कुई सुरू झाली तसा प्रिन्स ताठ झाला. तिवरांच्या कडेला एक लहानखुरी कोल्ही येऊन उभी राहिली. तो चार पावलं गेला, परत आला, सुधाच्या दुखऱ्या पायाचा वास घेतला, पुन्हा गेला. या वेळी थांबला नाही. मागं वळून बघितलं का, ते मला सांगता येणार नाही. मी सुधाकडे बघत होते.

फाल्गुन

वसंतरावांनी सेक्रेटरीपद सोडलं. कुणी आग्रह केला नाही. पाट्या तशाच राहिल्या. घरात ते पुन्हा टीव्ही लावायला लागले, पण बातम्या संपायच्या आधीच झोपत. सुधा त्यांच्याशी भांडत नव्हती, बोलतही नव्हती. मी परत निघायची तारीख पक्की केली आणि मग, जाता जाता करून देऊ म्हणून, गच्चीवर कुरडया घातल्या.

संध्याकाळी आम्ही तिघं त्या गोळा करायला वर गेलो. उकाड्यामुळं निम्मी सोसायटी गच्चीवर आलेली. कारखानीस खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला पाहून बोलणं जरा थांबलं, मग सुरू झालं. तेवढ्यात खाडीकडून कुई आली.

या वेळी कुणी आत गेलं नाही. सगळे कठड्याशी गेले.

"तो बघा, तो जाड आवाज, तो आपला प्रिन्स," कारखानीस म्हणाले.

"नाही हो, तो दुसरा. आपला तो मागाहून येतो ना, तो."

"आपल्याला ओळख आहे. पेरू मी द्यायचो त्याला."

"आणि बिस्किटं कोण द्यायचं?"

आपला, आपला, असं चाललं होतं. वसंतरावांच्या हातात कुरडयांचं सूप होतं. त्यांनी ते सावकाश कठड्यावर ठेवलं. चष्मा काढून खिशात घातला. मग या माणसानं, ज्यानं आयुष्यात पाटी लावल्याशिवाय काही केलं नव्हतं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि मान वर करून कुई दिली.

बरी नव्हती. मध्येच फाटली. पण मोठी होती आणि पुष्कळ लांब चालली.

खाडीवर एकदम शांत झालं. गच्चीवरही. कारखानिसांचं तोंड उघडं राहिलं होतं. वसंतराव कठड्यावर वाकून ऐकत होते. आम्ही सगळेच ऐकत होतो. बराच वेळ काही आलं नाही. मग तिवरांच्या खूप आतून एक आवाज आला. त्याच्यामागं दुसरा, आणि मग इतके, की त्यात कुणाचा कुठला ते देवालाही सांगता आलं नसतं.

सुधा हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली.

"घसा बसेल तुमचा," ती नवऱ्याला म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचं हे पहिलं वाक्य. "खाली चला, चहा ठेवते."

पण ती हलली नाही, आणि तेही वळले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा हात तोंडाशी नेले.